वहिवाटीचा रस्ता

जमिनीच्या तंट्यापायी ज्याने मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात चार दिवस काढले असतील, त्याला ‘वहिवाट’ या शब्दाचे वजन निराळे सांगावे लागत नाही. नकाशावर ज्याची रेघ नाही, दफ्तरात ज्याची नोंद नाही, ज्याबद्दल कोणी कोणाला कधी सनद लिहून दिलेली नाही, असा एखादा रस्ता दोन शेतांच्या बांधावरून पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो. त्यावरून बैलगाडी जाते, डोक्यावर भाकरीची पाटी घेतलेली बाई जाते, प्रसंगी तिरडीही जाते. आणि एके दिवशी शेताचा मालक बदलतो, नवा मालक बाभळीच्या काट्या आडव्या टाकतो, तेव्हा कोठे गावाला उमगते की आपण ज्याला रस्ता म्हणत आलो ती केवळ एक सवय होती. १९०६ च्या मामलेदार कोर्टांच्या कायद्याने अशा अडवणुकीविरुद्ध सहा महिन्यांच्या आत दाद मागण्याची सोय ठेवली आहे. १८८२ च्या सुखाधिकारांच्या कायद्याने वीस वर्षांच्या उघड, निर्वेध आणि अखंड वापराला हक्काची प्रतिष्ठा दिली आहे, आणि वीस वर्षे न वापरलेला हक्क लयास जातो, असेही त्याच कायद्याने सांगून ठेवले आहे. शहरातील सार्वजनिक रस्त्याला ही कलमे जशीच्या तशी लागू पडत नाहीत, हे मी जाणतो. तरीही पुणे शहराच्या रस्त्यांवर सायकलस्वाराचे जे झाले, त्याचा वृत्तांत लिहू जाता या जुन्या, मातीचा वास असलेल्या शब्दाहून नेमका शब्द मला सापडत नाही.

दोन चाकांच्या या वाहनाचा उदय आणि पेशवाईचा अस्त एकाच वर्षातला आहे. १८१७ च्या जून महिन्यात कार्ल द्राइस या जर्मन सरदाराने मॅनहाइम गावी एका लाकडी दुचाकीवर बसून, पायांनी जमीन रेटत पहिली फेरी मारली. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खडकीची लढाई होऊन शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्या लाकडी घोड्याला आजच्या सायकलीचे रूप येण्यास मात्र आणखी सात दशके लागली. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची आणि मागच्या चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ बाजारात आणली, आणि १८८८ साली बेलफास्ट येथे पशुवैद्यकाचा व्यवसाय करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉपने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. नेमक्या त्याच सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्कर, जे तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक होते, मुंबईहून सायकली विकत घेऊन बेळगावास धाडू लागले, आणि तेथे त्यांचे वडील बंधू रामूअण्णा त्या विकू लागले व गिऱ्हाइकांना त्यांवर बसण्यास शिकवूही लागले. पुढे ज्या नावाने लोखंडी नांगर आणि पंप महाराष्ट्रभर गेले, त्या नावाची पहिली पाटी एका सायकलीच्या दुकानावर लागली होती. तेव्हाची ही ‘पायगाडी’ साहेबाची, वकिलाची, फार तर हौशी इनामदाराची चीज होती, आणि ती विकायची तर आधी ती चालवण्याची विद्या विकावी लागत असे. कारण पडण्याची भीती आणि हसे होण्याची भीती, या दोहोंपैकी दुसरी अधिक होती.

पायगाडीची ‘सायकल’ झाली आणि सायकलीचे पुणे झाले, यात कोणा नगरपित्याची दूरदृष्टी नव्हती. मुळा-मुठेच्या खोऱ्यात वसलेले हे गाव बहुतांशी सपाट. पर्वती, चतुःशृंगी, वेताळ टेकडी या टेकड्या गावाच्या कडेला आदबीने उभ्या, वाटेत आडव्या आलेल्या नव्हेत. हवा अशी की उन्हाळ्याचे दोन महिने आणि पावसाची भर वगळली तर पायडल मारणाऱ्याच्या अंगाला घामाची धार लागू नये. कसब्यापासून सदाशिव पेठेपर्यंतच्या पेठा एकमेकींना चिकटून वसलेल्या, आणि त्यांतील बोळ इतके अरुंद की त्यांत गती हा दुर्गुणच ठरावा. मुंबईत १८७४ पासून घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्राम धावत होती. पुण्याच्या वाट्याला ट्राम कधीच आली नाही. टांगा रोज परवडण्याजोगा नव्हता, महानगरपालिकेची बससेवा स्वातंत्र्यानंतरची. आणि अंतरे मात्र अशी होती की चालावयास थोडी जास्त आणि वाहन करावयास थोडी कमी. पेठेतील मुलगा लकडी पूल ओलांडून फर्ग्युसन महाविद्यालयात जाणार, टिळक रस्त्याने कोणी स. प. महाविद्यालयात जाणार, कारकून मिलिटरी अकौंट्समध्ये जाणार आणि कामगार खडकीच्या दारूगोळा कारखान्यात जाणार, जो १८६९ पासून तेथे उभा आहे. चालणे आणि वाहन यांमधील या नेमक्या अंतराच्या खाचेत सायकल जी बसली ती, जणू गावाची मोजणी करूनच ती घडवली असावी, अशी बसली.

एवढ्या सायकली म्हटल्यावर त्यांच्याभोवती एक अर्थव्यवस्था उभी राहणे क्रमप्राप्तच होते. ज्यांच्याकडे स्वतःची सायकल नसे त्यांच्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यावर ‘सायकल मार्ट’ असे, जेथे तासाच्या भाड्याने सायकल मिळे, आणि मालक पाटीवर खडूने वेळ मांडून ठेवी. लहान मुलासाठी लहान सायकली असत, पण मोठी सायकल आणून मधल्या दांड्याखालून पाय घालून ‘कैची’ मारण्यात जे शौर्य होते ते लहान सायकलीत नव्हते. दुकानासमोर पाण्याची घमेली, तीत बुडवलेली ट्यूब, बुडबुड्यांवरून पंक्चरचा ठाव घेणारी बोटे, चाक फिरवून तारा आवळताना एक डोळा मिटून आऊट काढणारा कारागीर, आणि हवा भरण्याच्या पंपाशी फुकट घुटमळणारी चार पोरे, हा देखावा पुण्याच्या कोणत्याही चौकातला. रॅले, हंबर, हर्क्युलिस, बी. एस. ए. ही परदेशी नावे त्या दुकानांतून घराण्यांच्या नावांसारखी उच्चारली जात. पुढे स्वदेशी कारखाने निघाले तरी थोरल्या काकांची ‘रॅले’ ही घरातील स्थावर मिळकतीतच गणली जाई. महाविद्यालये सुटली किंवा कारखान्याचा भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींचा जो लोंढा उतरे, त्यात मागच्या चाकाला साडीचा पदर अडकू नये म्हणून जाळी बसवलेल्या, मधला दांडा नसलेल्या सायकलीही असत. आणि कुलीन घरच्या मुलीने एकटीने, कोणाच्या सोबतीवाचून, स्वतःच्या पायांच्या बळावर गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे, ही गोष्ट व्याख्यानमालांहून अधिक सायकलीने समाजाच्या गळी उतरवली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. तोच धागा पुढे नेत पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणून इरावती कर्वे यांचे नाव घेतले जाते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

आता प्रश्न असा की, या लोंढ्याला रस्त्यावर निर्धास्त कोणी ठेवले? त्या काळी वेगळे सायकलमार्ग नव्हते. रस्त्यावर सायकलस्वार होते, टांगे होते, हातगाड्या होत्या, मधोमध निवांत बसलेली गाय होती, आणि क्वचित एखादी मोटार होती, जिला या सर्वांच्या चालीने चालावे लागे. बहुसंख्येचा वेग हाच रस्त्याचा वेग होता, आणि बहुसंख्या सायकलवाल्यांची होती. कायद्याची नजर मात्र त्या काळात सायकलस्वारावरच विशेष असे. रात्री दिवा नसेल तर शिपाई शिट्टी फुंकणार. म्हणून रॉकेलचा कंदील, नंतर कार्बाइडचा, नंतर चाकाला घासून प्रकाश देणारा डायनॅमो, आणि हे काहीच नसेल तर हातात मेणबत्ती धरून त्यावर कागदाचा आडोसा करणारे महाभागही होऊन गेले. मित्राला दांड्यावर घेऊन ‘डबल सीट’ जाणे हा गुन्हा होता, आणि चौकाच्या अलीकडे मित्राने उतरून चालत चौक ओलांडावा व पलीकडे पुन्हा बसावे, हा त्या गुन्ह्यावरचा सर्वमान्य तोडगा होता. त्याखेरीज नगरपालिकेचा कर होता. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिकांच्या कायद्यात मालमत्ता करापाठोपाठ वाहने, नावा आणि जनावरे यांवरील कराचा उल्लेख आहे; नावाड्यांच्या आणि खेचरांच्या या मांदियाळीत सायकलही महसुलास पात्र झाली. कर भरला म्हणजे धातूचा एक बिल्ला मिळे. तो सायकलीला ठोकलेला नसला तर चौकात अडवणूक ठरलेली.

त्या बिल्ल्याबद्दल लोकांनी नगरपालिकेला दिलेल्या शिव्याशापांची मोजदाद नाही, आणि करवसुलीवर खर्चच अधिक होत असावा असा तर्क तेव्हाही केला जात असे. मला मात्र दूरवरून पाहताना त्या बिल्ल्यात एक लहानशी सनद दिसते. ज्याच्याकडून सरकार कर घेते, त्याचे अस्तित्व सरकारला नाकारता येत नाही. ज्याला दिव्यावाचून फिरल्याबद्दल दंड होतो, तो रस्त्याचा कायदेशीर वापरकर्ता आहे, हे त्या दंडातच गृहीत असते. हॉलंडमध्ये १९२४ पासून १९४१ पर्यंत असाच कर होता, आणि तेथेही प्रत्येक सायकलीला पितळेची पट्टी लावावी लागे. बेकारांना ती पट्टी फुकट मिळे, पण तिला मधोमध भोक पाडलेले असे, आणि अशी भोकाची पट्टी लावलेल्या सायकलीने रविवारी फिरण्यास मनाई होती. त्या कराचा पैसा रस्त्यांच्या निधीत जाई आणि त्यातून मोटारींचे हमरस्ते बांधले जात, याचा राग डच सायकलस्वारांनी वर्षानुवर्षे मनात ठेवला. परंतु आपण पैसे भरतो तर रस्ताही आपला आहे, हा व्यवहारी हिशेबही त्या रागाच्या पोटातच होता. आपल्याकडे बिल्ला यथावकाश गेला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि नगरपालिकेच्या खातेवहीतून सायकलस्वाराचे खातेच उठले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

वहिवाट मोडली ती मात्र एका दिवसात नव्हे, आणि कोणी बाभळीच्या काट्या टाकूनही नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेच्या काठची वस्ती वाहून गेली. त्या आपत्तीनंतर बेघरांसाठी वसाहती उठल्या, गाव पर्वतीच्या पायथ्याकडे आणि त्याही पलीकडे पसरले, आणि चालणे व वाहन यांमधील ती जी खाच होती ती हळूहळू रुंदावत गेली. त्याच दशकात पिंपरी-चिंचवडकडे कारखान्यांची रांग लागली, आणि आकुर्डीच्या कारखान्यातून स्कूटरी बाहेर पडू लागल्या. सायकलीने कामावर जाणारा कामगार दिवसभर ज्या वाहनाचे भाग जोडत होता, तेच वाहन उद्या त्याची सायकल भिंतीला टेकवून ठेवणार होते. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस. त्यामुळे सायकल आणखी काही काळ तगली, ती लोकांच्या निष्ठेने नव्हे तर पुरवठ्याच्या टंचाईने. १९७२ साली लूना आली, जिला पायडलही होते आणि यंत्रही होते, आणि सायकलस्वाराला आपण सायकल सोडली असे वाटू न देता तिने त्याला सायकलीवरून उतरवले. १९९१ नंतर रांगा संपल्या, कर्जे सुलभ झाली. २०१८ च्या सुमारास शहरातील नोंदलेल्या वाहनांचा आकडा लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे वृत्तपत्रांनी छापले, तेव्हा ते वाचणाऱ्यांत ज्यांनी एकेकाळी लकडी पुलावरून रोज सायकल हाकली होती असे कितीतरी जण असतील.

म्हणून या इतिहासात खलनायक शोधू नये. सायकलस्वाराला रस्त्यावरून कोणी हाकलले, तर कालच्या सायकलस्वाराने. ज्याला ऐपत आली तो स्कूटरवर बसला, आणि बसताक्षणी त्याला उरलेले सायकलवाले मंद भासू लागले. मग जलद वाहनांच्या सोयीसाठी रस्ते रुंद झाले, एकेरी झाले. एकेरी रस्त्याने मोटारीला दोन मिनिटांचा वळसा पडतो, पायाने चाक फिरवणाऱ्याला तो जिवावर येतो, म्हणून तो उलट्या दिशेने येतो, आणि मग तो बेशिस्त ठरतो. पूर्वी बहुसंख्येचा वेग हा रस्त्याचा वेग होता, असे मी वर म्हटले. तो नियम बदलला नाही, बहुसंख्या बदलली. जो हक्क केवळ संख्येच्या आधारावर उभा होता, तो संख्या ओसरताच ओसरला. कारण तो कोठेही लिहून ठेवलेला नव्हता.

लिहून ठेवण्याचे प्रयत्न मागाहून झाले, आणि त्यांचा इतिहास काहीसा करुण आहे. २००६ च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका सुरू झाल्या, आणि त्यांच्या कडेने सायकलमार्गही बांधण्यात आले. रंगीत फरशीच्या त्या पट्ट्यांवर पुढे काय काय उभे राहिले, हे त्या बाजूने जाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे: विजेचा खांब, बसथांब्याची पाठ, भाजीची हातगाडी, दुरुस्तीस आलेल्या मोटारी, आणि मध्येच पट्टा संपून आलेली हातभर उंचीची पायरी. महानगरपालिकेने २०१७ साली शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, ज्यात ८०० किलोमीटरांहून अधिक लांबीचे जाळे योजले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या सायकलींच्या कंपन्या शहरात उतरल्या. फोनवर कुलूप उघडावे आणि तासाचे भाडे भरावे ही युक्ती लोकांना नवलाची वाटली. वास्तविक ती कोपऱ्यावरच्या सायकल मार्टाचीच पुनरावृत्ती होती, फक्त मालक दिसत नव्हता आणि पाटीवर खडू नव्हता. थोड्याच काळात त्या सायकली दिसेनाशा झाल्या. जंगली महाराज रस्त्यासारख्या ठिकाणी रुंद पदपथ आणि त्याच्याबरोबर सायकलची वाट नव्याने रचली गेली, आणि तेथे निदान पायी चालणाऱ्याला तरी आपण शहराचे नागरिक आहोत असे वाटू लागले, हे मान्य केले पाहिजे.

वेगळी वाट ही सोय की हकालपट्टी, हा प्रश्न आपल्या शहराचाच आहे असे नाही. १९३४ साली लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यू रस्त्यालगत सुमारे अडीच मैलांचा सायकलमार्ग सरकारने समारंभपूर्वक खुला केला, तेव्हा त्याला कडाडून विरोध केला तो सायकलस्वारांच्याच संघटनेने. आज कडेची वाट देतील आणि उद्या मुख्य रस्त्यावर बंदी घालतील, अशी त्यांची शंका होती. ती शंका खुळी नव्हती, पण अर्धीच होती. हॉलंडने उरलेले अर्धे दाखवून दिले. तेथेही युद्धोत्तर काळात मोटारींनी सायकली मागे सारल्या होत्या. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती, आणि ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ घेऊन आईबाप रस्त्यावर आले. त्यांनी जोरकस रहदारीच्या रस्त्यांवर सायकलीला वेगळी, अखंड वाट मागितली. आणि राहत्या गल्ल्यांत वेगळी वाट न मागता मोटारीलाच माणसाच्या चालीने चालावयास लावले. यांतील दुसरी मागणी अधिक मोलाची होती, असे मला वाटते. कारण ती नवी नव्हतीच. गल्लीत सर्वांत मंद माणसाचा वेग हा सर्वांचा वेग, हा पुण्याच्या बोळांचा जुना अलिखित दंडक होता. डच लोकांनी तो लिहून ठेवला, एवढेच.

तेव्हा पुण्यात सायकलीला पुन्हा जागा द्यावयाची तर आपण काही दान करत आहोत, अशा आविर्भावात बोलण्याचे कारण नाही. दान आणि फेरफार यांत अंतर आहे; तलाठी फेरफार लिहितो तेव्हा तो कोणाला जमीन देत नसतो, जी मुळात ज्याची आहे तिची नोंद दुरुस्त करत असतो. पेठांतील बोळांत वेगाला मर्यादा घालणे, एकेरी रस्त्यावर सायकलीला उलट दिशेची सुरक्षित वाट मोकळी करून देणे, चौकात तिला आधी निघू देणे, आणि मोठ्या रस्त्यावर खांब व पायरी नसलेली सलग पट्टी राखणे, या चारही गोष्टी कालपर्यंतच्या वहिवाटीची आजची नोंद आहेत.

यावर विरोधी वकील उठून एक आक्षेप घेईल, आणि तो कायद्याला धरून असेल: वापर खंडित झाला आहे, आणि खंडित वापराला हक्क उरत नाही. जुने सायकलस्वार स्कूटरीवर गेले, नवे हौशी सायकलस्वार शिरस्त्राण घालून रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातात. मधल्या तीसचाळीस वर्षांची वहिवाट कोण दाखवणार? या आक्षेपाला उत्तर द्यावयाचे तर पहाटे पाचला रस्त्यावर यावे लागेल. वर्तमानपत्रांचे गठ्ठे कॅरिअरला आणि हँडलला बांधून पेठेत शिरणारा पोऱ्या, रात्रपाळी संपवून सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडणारा वॉचमन, डबा अडकवून बांधकामाकडे निघालेला गवंडी, यांच्या खाली सायकल आहे, आणि ती एक दिवसही थांबलेली नाही. ८०० किलोमीटरांचा आराखडा झाला तेव्हा यांच्यापैकी कोणाला विचारल्याचे त्यांना स्मरणार नाही, रंगीत पट्टीवर मोटारी उभ्या राहिल्या तेव्हा यांनी तक्रार केली नाही. पट्टीच्या बाहेर, रस्त्याच्या डाव्या कडेला, गटाराच्या झाकणांना चुकवत ते आपले जात राहिले. साक्षीदार म्हणून यांना उभे केले तर एवढेच विचारावे लागेल की या रस्त्याने तुम्ही किती वर्षे जाता, आणि त्याचे उत्तर त्यांना कागद न पाहता देता येईल.